जंगल मिलिटरीच्या हवाली करा म्हणणाऱ्यांसाठी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

जंगलात कुठे शिकार झाली, वाघाच्या मिशा-नखं घेऊन कोणी पकडला गेला, नाहीतर उन्हाळ्यात वणव्याने डोंगर काळाठिक्कर पडला की तुमच्या वाचकांच्या पत्रात आणि आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक वाक्य हमखास येतं, "हे सगळं फॉरेस्टवाल्यांकडून काढा आणि मिलिटरीकडे द्या, सहा महिन्यात सरळ होतील सगळे". मग खाली दहा जण अंगठा दाखवतात आणि विषय संपतो. आता मिलिटरीबद्दल आदर आम्हालाही आहे, त्याबद्दल वाद नाही, पण हा प्रयोग जगात एका ठिकाणी खरोखर झालेला आहे, तोही थोडाथोडका नाही तर तब्बल ३२ वर्षं, आणि तो कसा झाला, कुठे जमला आणि कुठे अडकला हे माहीत नसताना आपण उगाच बोलत राहतो म्हणून हे पत्र. थोडं लांबलंय, कापायचं असेल तर कापा, फक्त शिकारीचा किस्सा कापू नका.

अमेरिकेत यलोस्टोन नावाचं नॅशनल पार्क आहे हे बहुतेकांनी ऐकलेलं असेल, गरम पाण्याचे फवारे, अस्वलं, गवे (म्हणजे त्यांचे ते केसाळ बायसन, आपले गवे नाहीत). १ मार्च १८७२ ला अध्यक्ष ग्रँट यांनी सही केली आणि जगातलं पहिलं नॅशनल पार्क जाहीर झालं. इथपर्यंत पाठ्यपुस्तकात असतं. पुढचं नसतं. पुढचं असं की पार्क जाहीर केलं पण पैसा एक दमडी दिला नाही. नेमलेला पहिला अधीक्षक लँगफर्ड, त्याला पगारच नव्हता, त्यामुळे तो आपली दुसरी नोकरी करायचा आणि पाच वर्षांत पार्कात जेमतेम दोनदा फिरकला. क्षेत्र किती, तर जवळजवळ ९,००० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाच्या साधारण पाचपट. आणि राखायला कोणीच नाही. कातड्यासाठी एल्क हरणं हजारोंनी मारली, मांस तिथेच कुजत टाकलं. टूरिस्ट लोक कुऱ्हाडी घेऊन यायचे आणि त्या गरम झऱ्यांभोवती जे नक्षीदार दगड जमतात त्यांचे तुकडे तोडून घरी न्यायचे, आठवण म्हणून. उरलेल्यावर नाव कोरायचे. (ते वाचून मला आपल्या किल्ल्यांवरचे बदाम आणि बाण आठवले, माणसाची जात सगळीकडे सारखीच.)

लँगफर्डनंतर नॉरिस म्हणून अधीक्षक आला, त्याच्या काळात १८७८ ला पहिल्यांदा १०,००० डॉलर मंजूर झाले. त्याने १८८० मध्ये हॅरी याउंट नावाच्या एका मुरलेल्या शिकाऱ्यालाच गेमकीपर नेमलं, म्हणजे अख्ख्या ९,००० चौरस किलोमीटरला एक वनरक्षक. बिचाऱ्याने एक हिवाळा तिथे काढला, फिरला, आणि मग रिपोर्टात स्पष्ट लिहिलं की एका माणसाच्या आवाक्यातलं हे काम नाही, भरवशाच्या माणसांची छोटी का होईना पण कायमची तुकडी लागेल, आणि १८८१ ला राजीनामा देऊन मोकळा झाला. आज अमेरिकेतले रेंजर लोक याला आपला मूळपुरुष मानतात. राजीनामा देणारा मूळपुरुष, पण त्याने जे लिहिलं ते इतकं बरोबर होतं की पुढची चाळीस वर्षं सरकार त्याच एका वाक्याभोवती फिरत राहिलं.

मग सरकारने काय केलं, तर वशिल्याची माणसं भरली. असिस्टंट सुपरिंटेंडेंट म्हणून दहा जण नेमले, त्यातल्या बऱ्याच जणांना डोंगर-बर्फ-घोडा यातलं काही येत नव्हतं, तिथले लोक त्यांना चिडवून ससे पकडणारे म्हणायचे. त्यात भर म्हणून वायोमिंग टेरिटरीचे कायदे पार्काला लावले आणि दंडाची अर्धी रक्कम पकडणाऱ्याला मिळेल अशी सोय ठेवली. पुढे काय होणार ते आपल्याला सांगायला नको, आपण ट्रॅफिक सिग्नलवर वाढलेली माणसं. शिकारी मोकळे आणि टूरिस्टांवर पावत्या. १८८५ मध्ये यांनी शेकोटी नीट विझवली नाही म्हणून एका माणसाला धरलं आणि दंड ठोकला, तो निघाला काँग्रेसचा, म्हणजे तिथल्या संसदेचा मेंबर, इलिनॉयचे पेसन, आधी जज्ज राहिलेले. झालं. बोभाटा झाला, कायदा रद्द झाला, आणि पुढच्या वर्षी काँग्रेसने रागारागात पार्कचे पैसेच बंद करून टाकले. म्हणजे पार्क आहे, अधीक्षक आहे, पगार नाही, कायदा नाही.

आता इथे मिलिटरी येते. आणि ती कशी आली ते बघण्यासारखं आहे, कारण आपल्याकडे लोकांना वाटतं की कोणीतरी खमक्या नेत्याने टेबलावर मूठ आपटली असणार. तसं काही नाही. १८८३ च्या एका खर्चाच्या बिलात एक ओळ घुसवून ठेवलेली होती की गृहखात्याने मागितलं तर युद्धखात्याने पार्क राखायला सैनिक द्यावेत. (तिथलं इंटिरिअर खातं म्हणजे आपलं गृहखातं नव्हे, जमीन-जंगल बघणारं खातं, पण असो.) ही ओळ पडावी म्हणून जनरल शेरिडन यांनी जोर लावला होता, १८८२ मध्ये ते स्वतः पार्कात येऊन गेले होते आणि इथली कत्तल बघून म्हणाले होते की सिव्हिलवाल्यांना जमत नसेल तर माझे सैनिक देतो. पैसे बंद झाल्यावर दुसरा मार्गच उरला नाही, तेव्हा ती ओळ बाहेर काढली. म्हणजे मिलिटरी आली ती नाइलाज म्हणून, तात्पुरती, बिनपैशाची सोय म्हणून. सैनिकांचा पगार युद्धखात्याच्या खात्यावर पडतोच आहे ना, मग बसवा तिथे.

ऑगस्ट १८८६ मध्ये मोंटानातल्या फोर्ट कस्टरहून कॅप्टन मोझेस हॅरिस फर्स्ट कॅव्हलरीचे साधारण पन्नास सैनिक घेऊन आले. हे हॅरिस म्हणजे सिव्हिल वॉरमध्ये, म्हणजे त्यांच्या यादवी युद्धात, मेडल ऑफ ऑनर हे शौर्याचं सर्वोच्च पदक मिळवलेला माणूस. आले तेव्हा पार्कात मोठमोठे वणवे पेटलेले होते, तेव्हा पहिलं काम काय, तर खाली उतरून आग विझवणं. बंदूक राहिली बाजूला, हातात कुऱ्हाड आणि फावडं. अमेरिकन सरकारने आपल्या पगारी माणसांकरवी वणवा विझवायची सुरुवात इथून झाली असं मानतात.

थोड्या दिवसांचं काम म्हणून तंबू ठोकले, मग फळ्यांची घरं बांधली, त्यात पाच हिवाळे काढले, थंडी कसली तर उणे तीस-चाळीस, आणि शेवटी १८९१ ला सरकारच्या लक्षात आलं की हे काही तात्पुरतं राहिलेलं नाही, तेव्हा फोर्ट यलोस्टोन बांधायला घेतला. मुलगी तिकडे असते म्हणून आम्हाला तो बघायला मिळाला, मॅमथ हॉट स्प्रिंग्सला, दगडी बॅरेकी अजून जशाच्या तशा उभ्या आहेत, आता त्यात पार्कचंच ऑफिस आहे, समोरच्या परेड ग्राउंडच्या गवतावर एल्क हरणं पाय पसरून रवंथ करत बसलेली असतात आणि एक रेंजर मुलगी सेल्फीवाल्यांना शिट्टी मारून मागे हटवत असते. बायको म्हणाली हिला पगार किती असेल गं. मुलीने गुगल करून सांगितलं, ते आता आठवत नाही पण १८८६ च्या साध्या सैनिकाचा आठवतो, महिना १३ डॉलर. त्यात बर्फ, एकटेपणा, आणि युद्ध नाही म्हणून प्रमोशन नाही, पदक नाही. पळून जाणारे कमी नव्हते.

पण त्यांनी काही गोष्टी केल्या ज्या आधीच्यांना सुचल्या नव्हत्या, आणि त्या अगदी साध्या आहेत. एक म्हणजे माणसं एका ठिकाणी न ठेवता लांबलांब चौक्या केल्या आणि त्यात वर्षभर, भर हिवाळ्यातसुद्धा, दोन-चार जण ठेवले, त्यांनी लाकडी स्की घालून एका झोपडीपासून दुसऱ्या झोपडीपर्यंत फिरायचं. काही जण बर्फात गाडले गेले, काही थंडीने गेले. गेटवर येणाऱ्याच्या बंदुका सील करायचे, म्हणजे बंदूक तुझ्याकडेच ठेव पण सील तुटलं तर उत्तर दे. तंबू कुठे टाकायचा त्या जागा ठरवून दिल्या. आणि नाव कोरणाऱ्यांचा इलाज तर मला फारच आवडला, सैनिक कोरलेलं नाव वाचायचे, हॉटेलच्या रजिस्टरमध्ये शोधायचे, भल्या सकाळी त्या माणसाला झोपेतून उठवायचे आणि ब्रश-साबण देऊन त्याच जागी परत नेऊन स्वतःच्या हाताने नाव घासायला लावायचे. दंड नाही, केस नाही, बघे जमले की झालं. (राजगड-सिंहगडावर हे करून बघायला हरकत नाही, त्याला मिलिटरी नको, एक बादली पुरे.)

आणि इथेच खरी मेख आहे. असं साबण-ब्रशचं का करावं लागायचं, तर सैनिकांकडे शिक्षा करायचा कायदाच नव्हता. शिकारी पकडला तर जास्तीत जास्त काय, सामान जप्त करायचं आणि पार्काच्या हद्दीबाहेर नेऊन सोडायचं. बस. मग अधिकारी डोकं चालवायचे, माणूस उत्तरेला पकडला तर पायी दक्षिणेच्या टोकाला नेऊन सोड, तेवढेच त्याचे दिवस वाया जातील. तो आठवड्याभराने परत यायचा. आपल्याकडे जे म्हणतात ना की मिलिटरी आली की सरळ होतील, ती मिलिटरी आठ वर्षं तिथे होती, शिस्त होती, बंदुका होत्या, आणि गवे तरी शेकडोंवरून कमीच होत गेले. कारण गव्याच्या एका डोक्याला शहरात पेंढा भरून टांगणारे लोक शेकडो डॉलर द्यायला तयार होते, आणि पकडलं गेलं तर नुकसान काय, एक बंदूक आणि एक घोंगडं.

आता तो किस्सा. १३ मार्च १८९४. पेलिकन व्हॅली, गुडघ्याच्या वर बर्फ. फेलिक्स बर्जेस नावाचा स्काउट, म्हणजे सैन्याने नेमलेला पण सैनिक नसलेला, जंगल माहीत असलेला माणूस, आणि सोबत सार्जंट ट्रॉइके, दोघे स्कीवर. त्यांना आधी झाडाला टांगलेली गव्यांची सहा मुंडकी-कातडी दिसली, मग एक तंबू, मग गोळ्यांचे आवाज. पुढे गेले तर उघड्या मैदानात एक माणूस, एडगर हॉवेल, एका गव्याचं डोकं सोलत बसलेला, आजूबाजूला खोल बर्फात अडकवून मारलेले पाच गवे. त्याची रायफल थोड्या अंतरावर गव्याला टेकवून ठेवलेली. बर्जेसकडे एक रिव्हॉल्व्हर. मधे चारशे यार्ड सपाट बर्फ, लपायला काही नाही. वारा जोरात होता आणि हॉवेलने टोपीची कड कानावर ओढून घेतलेली, म्हणून त्याला ऐकू आलं नाही. त्याचा कुत्रा होता, तोही पायाशी वेटोळं करून पडलेला, भुंकला नाही. बर्जेस मधला एक खड्डा उडी मारून पार करत थेट समोर जाऊन उभा राहिला तेव्हा हॉवेलने मान वर केली. पकडल्यावर त्याने पहिलं काय केलं असेल तर कुत्र्याला मारायला निघाला, भुंकला का नाहीस म्हणून. बर्जेसने मारू दिलं नाही. या धावपळीत बर्जेसच्या पायाला हिम लागलं आणि बोट कापावं लागलं, तर हॉवेल मात्र फोर्टवर मजेत, भरपेट नाश्ता करत लोकांना सांगत होता की यात मला दोन हजार डॉलर मिळणार होते आणि माझं गेलं किती, तर सामानाचे सव्वीस डॉलर पंचाहत्तर सेंट.

हे वाक्य सांगितल्याबद्दल हॉवेलचा खरंतर पुतळा उभारायला पाहिजे. कारण योगायोगाने त्या दिवसांत तिथे 'फॉरेस्ट अँड स्ट्रीम' या साप्ताहिकाचा बातमीदार इमर्सन हफ आलेला होता आणि फोटोग्राफर हेन्स सोबत होता. हफने बातमी तारेने पाठवली, संपादक ग्रिनेल यांनी ती लावून धरली, मेलेल्या गव्यांचे फोटो वॉशिंग्टनला पोचले, आणि आयोवाचे काँग्रेसमन जॉन लेसी यांनी बिल मांडलं. हे लेसी म्हणजे १८८७ मध्ये यलोस्टोनमध्ये घोडागाडीतून जाताना स्वतः दरोड्यात लुटले गेलेले, त्यांना कायदा नसण्याचा अर्थ कोणी समजावून सांगायला नको होता. ७ मे १८९४ ला सही झाली. हॉवेल पकडला मार्चमध्ये आणि कायदा मे महिन्यात. इतकी वर्षं जे झालं नाही ते दोन महिन्यांत. संपादक साहेब, मिलिटरीने आठ वर्षांत जे केलं नाही ते एका बातमीने केलं, हे तुमच्या पेपरात छापायला तुम्हाला नक्की आवडेल.

या कायद्यात काय होतं, तर शिकारीला दंड १,००० डॉलरपर्यंत किंवा कैद दोन वर्षांपर्यंत किंवा दोन्ही, आणि मुख्य म्हणजे पार्कातच बसणारा मॅजिस्ट्रेट आणि तुरुंग. मेल्ड्रम नावाचे गृहस्थ नेमले ते १९३५ पर्यंत, ४१ वर्षं, तिथेच. म्हणजे आरोपीला पकडला की तीन दिवस घोड्यावर बसून कोर्ट शोधत जायची भानगड संपली. आपल्याकडे वन्यजीवाच्या केसेसची तारीख-पे-तारीख ज्यांनी बघितलीय त्यांना या एका कलमाची किंमत कळेल. गंमत म्हणजे हॉवेलला गवे मारल्याबद्दल शिक्षा झालीच नाही, कारण गुन्हा आधीचा आणि कायदा नंतरचा. पण हा पठ्ठ्या उन्हाळ्यात परत पार्कात आला आणि हद्दपारी मोडली म्हणून नव्या कायद्याखाली पकडला जाणारा पहिला माणूस ठरला.

तरी गवे वाचले का, तर जेमतेम. १९०२ च्या आसपास मोजले तेव्हा जंगलात २५ सुद्धा भरत नव्हते. शेवटी १५,००० डॉलर मंजूर करून खाजगी कळपांतून २१ गवे विकत आणले, ते वाढवले, नंतर लामार व्हॅलीत गव्यांचं रँच चालवलं. आज हजारो आहेत. म्हणजे पहारा होता म्हणून ते शेवटचे वीस-पंचवीस उरले हे खरं, पण नुसत्या पहाऱ्याने वाढले नाहीत, त्याला जनावरांची माहिती असलेली माणसं लागली.

कॅलिफोर्नियात दुसरी तऱ्हा. योसेमिटी, सेक्वोया आणि जनरल ग्रँट ही पार्कं १८९० ला झाली आणि १८९१ पासून दर उन्हाळ्यात सॅन फ्रान्सिस्कोच्या प्रेसिडिओ छावणीतून घोडदळ तिकडे जायचं, जायलाच दोन आठवडे. तिथे शिकाऱ्यांपेक्षा मोठा त्रास मेंढ्यांचा. डोंगरउतारावरचं गवत आणि रोपं मुळापासून साफ. कायदा तिथेही लंगडा, तेव्हा कॅप्टन वुड यांनी युक्ती काढली, मेंढपाळाला धरायचं आणि पार्काच्या एका टोकाला सोडायचं, मेंढ्या हाकलायच्या विरुद्ध टोकाला. दोघांची भेट होईपर्यंत कळप डोंगरात पांगलेला. कोर्टात न जाता मालकाचं इतकं नुकसान की पुढच्या वर्षी तो दोनदा विचार करायचा. आमच्याकडे धनगर बांधव हे वाचून मला शिव्या घालतील आणि त्यात त्यांची चूक नाही, कारण या सगळ्या पहाऱ्याची झळ पहिली बसली ती गरीब मेंढपाळालाच, ज्याच्या मेंढ्या बऱ्याचदा दुसऱ्याच्या मालकीच्या असायच्या. आणि १८९८ मध्ये स्पेनशी युद्ध लागलं, घोडदळ तिकडे गेलं, तर एकाच उन्हाळ्यात योसेमिटीत लाखाच्या वर मेंढ्या घुसल्या. मिलिटरीला जंगल दिलं तर युद्धाच्या वेळी जंगल कोण बघणार, हा प्रश्न आपल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर अजून कोणी विचारलेला नाही.

याच पार्कांमध्ये १८९९, १९०३ आणि १९०४ ला काळ्या सैनिकांच्या तुकड्या होत्या, बफेलो सोल्जर्स म्हणतात त्यांना, नाइन्थ कॅव्हलरी आणि ट्वेंटीफोर्थ इन्फंट्री. यातलं एक नाव लक्षात ठेवण्यासारखं, कॅप्टन चार्ल्स यंग. १८६४ ला केंटकीत गुलाम आईबापांच्या पोटी जन्म, वेस्ट पॉइंट ही लष्करी अकादमी पास झालेला तिसरा काळा अधिकारी, आणि १९०३ च्या उन्हाळ्यात सेक्वोया पार्कचा अधीक्षक. त्या एका उन्हाळ्यात त्याच्या माणसांनी जायंट फॉरेस्टपर्यंतचा रस्ता पूर्ण केला जो आधी वर्षानुवर्षं रखडत होता, त्यामुळे घोडागाड्या पहिल्यांदा त्या महाकाय झाडांपर्यंत पोचल्या. आणि पार्कातल्या खाजगी जमिनी सरकारने विकत घ्याव्यात म्हणून मालकांशी बोलून भाव ठरवून ठेवले. विचार करा, ज्या काळात काळ्या माणसाला हॉटेलात बसू देत नव्हते त्या काळात हा गोऱ्या लाकूडतोड्यांना आणि जमीनदारांना नियम सांगत होता. पुढे पहिल्या महायुद्धाच्या वेळी कर्नल झाल्यावर तब्येतीचं कारण काढून त्याला निवृत्त केलं, तर हा ओहायोहून घोड्यावर बसून वॉशिंग्टनला गेला, साधारण ५०० मैल, मी फिट आहे हे दाखवायला. १९२२ मध्ये नायजेरियात लागोसला वारला. ब्रिगेडियर जनरल ही बढती मिळाली २०२२ ला, म्हणजे मेल्यावर शंभर वर्षांनी. आपल्याकडे जातीवरून कोणाची फाइल किती वर्षं दाबून ठेवतात याच्या गोष्टी सांगणाऱ्यांना यात नवीन काही वाटणार नाही.

वाईट बाजूही सांगितली पाहिजे. यलोस्टोनमध्ये माणसं राहतच नव्हती असं नाही, तुकुडिका म्हणजे मेंढ्यांची शिकार करणारे शोशोनी पिढ्यान् पिढ्या तिथे होते, त्यांना हटवून रिझर्व्हेशनवर, म्हणजे सरकारने आखून दिलेल्या राखीव जागेत पाठवलं, आणि ज्या जमाती दरवर्षी शिकारीला यायच्या त्यांना अडवायचं काम याच सैन्याकडे. १८७७ मध्ये नेझ पर्स जमात आपल्या बायकामुलांसह सैन्यापासून पळत याच पार्कातून गेली होती. जंगल रिकामं करून मग राखायचं ही कल्पना जगभर गेली आणि आपल्याकडेही कोअर एरियातल्या पुनर्वसनाच्या वादात ती अजून जिवंत आहे, त्यावर वेगळं पत्र लागेल. शिवाय हरणं वाचवायची म्हणून कोयोटे, प्यूमा आणि लांडगे मारायचं धोरण मिलिटरीच्या काळातच सुरू झालं आणि नंतरच्या रेंजर लोकांनीही चालवलं, १९२६ पर्यंत लांडगे संपले, मग १९९५ ला कॅनडातून आणून परत सोडावे लागले. आगीचंही तेच, दिसला वणवा की विझव, या शिस्तीने साधारण ऐंशी-पंच्याऐंशी वर्षं पालापाचोळा आणि वाळकं लाकूड साठत गेलं, आणि १९८८ ला दुष्काळ-वारा एकत्र आला तेव्हा पार्काचा साधारण ३६ टक्के भाग होरपळला. तेव्हा पुन्हा मिलिटरी बोलवावी लागली, हाही एक काव्यगत न्याय.

शेवटी मिलिटरी गेली कशी? तर स्वतः युद्धखातंच कंटाळलं होतं. घोडदळाचे सैनिक सतत बदलतात, एकाला जंगल कळायला लागलं की बदली, नवा येतो तो पुन्हा शून्यापासून, आणि लढायचं शिक्षण बाजूला राहतं ते वेगळंच. २५ ऑगस्ट १९१६ ला नॅशनल पार्क सर्व्हिस झाली आणि काही सैनिकांनी तर सैन्य सोडून सरळ रेंजरची नोकरी घेतली. आसपासच्या गावांतल्या दुकानदारांचा धंदा बुडाला म्हणून त्यांनी ओरड केली, काँग्रेसने मधे सैनिक परत पाठवायला लावले, आणि अखेर १९१८ ला फोर्ट रिकामा झाला. रेंजरची ती सपाट काठाची हॅट मात्र सैन्याकडून आली ती अजून आहे. म्हणजे ३२ वर्षांनी सगळे फिरून तिथेच आले जिथे हॅरी याउंट १८८१ ला होता, कायमची, भरवशाची, जंगल माहीत असलेली तुकडी पाहिजे.

आता आपल्याकडे. आपला वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा, यलोस्टोनच्या बरोबर शंभर वर्षांनंतरचा, आणि त्यात वाघासारख्या पहिल्या परिशिष्टातल्या प्राण्याची शिकार केली तर किमान तीन आणि जास्तीत जास्त सात वर्षं कैद आहे. म्हणजे कॅप्टन हॅरिसकडे जे नव्हतं ते आपल्या बीटवरच्या वनरक्षकाकडे कागदावर आहे. मिलिटरीचा हातही आपल्याकडे अगदी नाही असं नाही, छत्रपती संभाजीनगरला टेरिटोरियल आर्मीची १३६ इको बटालियन आहे, माजी सैनिक, झाडं लावतात आणि जगवतात, उत्तम काम आहे. राजस्थानातल्या सरिस्कात वाघ संपल्यावर केंद्राने विशेष व्याघ्र संरक्षण दलासाठी पैसे दिले आणि महाराष्ट्रात ते दल उभं राहिलं. त्यामुळे गणवेशाची कमी आपल्याकडे नाही.

कमी कशाची आहे ते ताडोबात मोहर्लीच्या बाजूला मे महिन्यात जाऊन बघा. संरक्षण कुटी म्हणजे पत्र्याची एक खोली, दुपारी आत बसवत नाही, बाहेर बसलं तर लू. सोलरचा दिवा, प्लास्टिकचा पाण्याचा ड्रम, एक वनरक्षक आणि दोन-तीन वनमजूर, त्यातले काही रोजंदारीवर. सकाळी पायी गस्त, पाणवठ्यात कोणी युरिया-विष टाकलं नाही ना बघायचं, जाळरेषा साफ करायची, कॅमेरा ट्रॅपचे कार्ड बदलायचे, रात्री कुठे धूर दिसला की पळायचं, आणि गावात बिबट्या आला की लोकांच्या शिव्याही यांनीच खायच्या. २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये ताडोबात व्याघ्रगणनेच्या तयारीला गेलेली एक महिला वनरक्षक वाघिणीच्या हल्ल्यात गेली, हातात बंदूक नव्हती आणि असती तरी उपयोग नव्हता. यांना मिलिटरी आणून रिप्लेस करणार म्हणजे नेमकं काय करणार? जवान आला तरी त्याला त्याच पत्र्याच्या खोलीत राहायचंय, त्याच पाणवठ्यावर जायचंय, आणि दोन वर्षांनी त्याची बदली होणार आहे जेव्हा त्याला कुठे कोणती पायवाट कोणत्या नाल्यात उतरते ते कळायला लागेल. बर्जेस स्काउट होता हे विसरू नका, पन्नास सैनिक होते तरी हॉवेलला शोधायला जंगल माहीत असलेला माणूसच पुढे लागला. आपल्याकडे तो माणूस कोरकू, गोंड, माना घरातला असतो आणि बऱ्याचदा रोजंदारीवर असतो.

तेव्हा संपादक साहेब एक विनंती. पुढच्या शिकारीच्या बातमीखाली 'मिलिटरी आणा' अशी दहा पत्रं छापण्यापेक्षा आपल्या बातमीदाराला एकदा वन विभागाच्या सर्कल ऑफिसला पाठवा आणि चारच गोष्टी विचारून आणायला सांगा, वनरक्षकांच्या मंजूर जागा किती, त्यातल्या भरलेल्या किती, गेल्या पाच वर्षांत वन्यजीव गुन्ह्याच्या किती केस कोर्टात गेल्या आणि किती जणांना प्रत्यक्ष शिक्षा झाली. माहिती अधिकारात अर्ज टाकला तरी मिळेल. ते आकडे पहिल्या पानावर, वाघाच्या फोटोच्या जागी, जरा मोठ्या टायपात छापा, आणि जमलं तर दर वर्षी त्याच तारखेला परत छापा.

आपला,
एक वाचक, चंद्रपूर